जाळ्याचा दात

दातदुखीनं माणूस मरत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं तो मला भेटला तर मी आधी त्याचे दोन दात पाडीन आणि मग विचारीन, सांग बाप्पा, आता कसं वाटून राहिलं. माझा नवरा एका दाढेपायी मरता मरता राहिला. तेव्हा डोंग्यात, म्हणजे आमच्या लहान होडीत, त्याच्यासोबत मी होते, दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे या विषयावर मला कोणी शिकवू नये.

आम्ही अड्याळजवळच्या एका खेड्यात राहतो. गावाला लागून तलाव आहे. आमच्या घरचे पुरुष त्या तलावात मासोळी धरतात आणि आम्ही बाया ती बाजारात नेऊन विकतो. नवरा फेकजाळं टाकतो. हे जाळं गोल असतं, त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात आणि ते टाकायला दोन हात पुरत नाहीत. थोडं जाळं डाव्या कोपरावर घ्यायचं, थोडं उजव्या हातात, आणि काठाची एक चिमूट दातात धरायची. मग कमरेतून फिरून फेकायचं आणि बरोबर त्याच वेळी तोंड उघडायचं. लवकर उघडलं तर जाळं गोळा होऊन पडतं. उशिरा उघडलं तर दात हलतो. आमच्या घरात ही चिमूट उजवीकडच्या खालच्या दाढेत धरतात. सासऱ्यांनी तशीच शिकवली, त्यांना त्यांच्या बापानं. त्या दाढेला घरात जाळ्याचा दात म्हणतात.

सासऱ्यांचा तो दात पडला त्या साली त्यांनी जाळं खुंटीवरून काढून मोठ्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला दिलं. त्यानंतर मरेपर्यंत ते काठावर बसून बायांसोबत झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होते. कोणी त्यांना काही बोललं नाही, पण माझ्या नवऱ्यानं ते पाहिलं होतं. म्हणून त्याची स्वतःची तीच दाढ दुखायला लागली तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की मेलो तरी दाताच्या डॉक्टरकडे जायचं नाही. डॉक्टर दाढ काढणार, आणि दाढ गेली की माणूस काठावर.

सुरुवात थंड पाण्यानं झाली. माठातलं पाणी तोंडात घेतलं की तो एक डोळा मिटायचा. मी विचारलं, "काहून जी, काय होते?" तो म्हणाला, "काई नाई, झिणझिण करते." पुढे तो डावीकडेच चावायला लागला आणि उजवीकडे खर्रा दाबून ठेवायला लागला. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला. आमच्या भागात तो ज्याच्या त्याच्या गालात असतो. त्यानं दाढ सुन्न होते म्हणे. ज्या सुपारीनं दाढ चिरली तीच सुपारी औषध म्हणून वर दाबायची, हे डोकं फक्त आमच्याच लोकांचं.

मग खरं दुखणं आलं. माझा नवरा शांत माणूस आहे. जाळं टाकणाऱ्याला शांत असावंच लागतं. त्या दाढेनं त्याचं जनावर केलं. तो छपराच्या खांबावर डोकं आपटायचा. स्वतःच्याच मुठीनं स्वतःच्या जबड्यावर मारायचा, असा मारायचा की मला बाहेर अंगणात आवाज यायचा. वरणभाताची थाळी त्यानं भिरकावली ती कुत्र्याला लागली आणि ते बिचारं केकाटत तलावापर्यंत गेलं. एका दुपारी मी म्हटलं, "चला जी भंडाऱ्याले, दाढ दाखवून येऊ," तर त्यानं माझ्यावर हात उगारला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला. आधी त्याचा हात खाली आला. माझा वरवंटा जरा उशिरा आला.

सासूबाईंनी लवंग दिली, तुरटीच्या गुळण्या दिल्या, आणि त्यानं काही होईना तेव्हा राकेलात भिजवलेला कापूस दाढेत कोंबला. गालाची आतली साल निघाली. आता दाढही दुखत होती आणि गालही. मी सासूबाईंना म्हटलं, आता काडी पण लावून पाहा, म्हणजे सगळं करून झालं. त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मला तेवढाच आराम मिळाला.

अड्याळच्या बाजारात तेव्हा एक माणूस यायचा. दाताचे किडे काढतो म्हणायचा. निखाऱ्यावर कसल्या तरी बिया टाकायचा, धूर नळीनं तोंडात सोडायचा आणि खाली पाण्याचं वाटगं धरायचा. थोड्या वेळानं पाण्यात पांढरे किडे दिसायचे. लोक तोंडात बोट घालून पाहत राहायचे. मी समोरच्या ओळीत मासोळी विकत बसले होते. डोकं वर केलं तर माझाच नवरा त्याच्यासमोर आ करून बसलेला, नाकातोंडातून धूर निघतोय आणि डोळ्यांतून पाणी.

मी उठून गेले. वाटग्यात पाहिलं. आता मी जन्मभर मासोळीची पोटं फाडली आहेत आणि घरी रोज वांगी चिरली आहेत. वांग्यातली अळी मला कोणी ओळखून द्यायची गरज नाही. मी त्या माणसाची दुसरी मूठ धरून बोटं उलगडली, तर आतून आणखी चार अळ्या पडल्या. मासोळी धुतलेल्या पाण्याची बादली माझ्या हातात होतीच, ती मी त्याच्या डोक्यावर उलटी केली. त्यानं मला ढकललं, मी निखाऱ्यावर पडता पडता वाचले, उठून त्याची दाढी धरली आणि सोडली नाही. बाजारातल्या बायांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. माझ्या मुठीत केस राहिले होते. हे सगळं होईस्तोवर माझा नवरा जबडा धरून बाजूला बसला होता. शेवटी तो म्हणाला, "पण मले आता कमी वाटून राहिलं."

रिकामी बादली मी त्याच्या डोक्यात घातली नाही, हे माझे उपकार.

पण खरंच, त्यानंतर दोन-चार दिवसांत दुखणं एकाएकी थांबलं. नवरा पोटभर जेवला, उजवीकडूनही थोडं चावला. सासूबाईंनी नारळ फोडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, की बघ, उगाच त्या गरिबाची दाढी उपटलीस. मीही हसले, खोबरं खाल्लं. आता मला माहीत आहे. दुखणारी दाढ इलाज न करता अचानक गप्प झाली तर ती बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते आणि पू खालच्या खाली वाट काढत असतो. ओरडणारा माणूस एकदम गप्प झाला तर आपण धावत जाऊन पाहतो. दाढ गप्प झाली की नारळ फोडतो.

मग गाल सुजला. सासूबाईंनी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला. अशी सूज बाहेरून शेकू नये, हेही आम्हाला नंतर कळलं. सूज गालावरून उतरून जबड्याखाली गेली, तिथून मानेत. हात लावला तर लाकडासारखी कडक. अंगात ताप. जीभ वर उचलल्यासारखी झालेली, त्यामुळे बोलणं तोंडात घास असल्यासारखं येत होतं. लाळ गिळता येईना, ती ओठांवरून गळत होती. तोंड इतकंच उघडत होतं की करंगळी जेमतेम आत जाईल. मी रोज ओरडत होते, "तोंड उघडा जी, पाहू तरी द्या आत काय झालं ते." तो पाठ फिरवून बसायचा.

धान कापणीचे दिवस होते. तलावाचं पाणी शेतांसाठी सोडून सोडून उतरलं होतं आणि मोठे कतले मासे जाळ्यात यायला लागले होते. वर्षातले हेच दिवस जाळं टाकणाऱ्याचे. त्या सकाळी नवरा जाळं खांद्यावर घेऊन निघाला. माझा दीर रोज त्याचा डोंगा वल्हवतो. तो काठावर मोटारसायकल घेऊन उभा होता. तो म्हणाला, "दादा, दवाखान्यात चालत असशील त बस मागं. तलावात मी तुले नाई नेत." नवऱ्यानं त्याला काठीनं बाजूला सारलं आणि एकट्यानंच डोंगा पाण्यात ढकलला. मी लुगडं खोचलं, कमरेइतक्या पाण्यातून गेले आणि डोंग्यात चढले. मनात म्हटलं, मरायचंच असेल तर माझ्या डोळ्यांसमोर मर, मागून सांगायला कोणी आलेलं मला चालणार नाही.

तलावाच्या मधोमध शिंगाड्याच्या वेली आहेत, त्यांच्या कडेला कतले असतात. तिथं पोचल्यावर तो उभा राहिला. कोपरावर जाळं घेतलं, हातात घेतलं. तोंड उघडेना म्हणून त्यानं बोटानं खालचा ओठ ओढला आणि काठाची चिमूट दातांच्या फटीतून आत कोंबली. काठाची एक शिशाची गोळीही आत गेली. मला ते दिसलं. मी म्हटलं, "अजी, गोळी आत गेली." त्यानं ऐकलं नाही. तो कमरेतून फिरला आणि जाळं फेकलं.

तोंड उघडलंच नाही. गोळी दाढेमागे अडकली होती आणि जबडा बंद. बाकीचं सगळं जाळं शिशासकट हवेत गेलं आणि पाण्यात पडलं, आणि त्याच्यामागे त्याचं डोकं. मी कडकन् आवाज ऐकला. मग तो पाण्यात होता आणि डोंगा एका बाजूला कलला होता.

जाळं बुडताना जड होतं. ते त्याला तोंडानं खाली ओढत होतं, मासोळीला ओढतात तसं. तो वर यायचा, लाल पाणी थुंकायचा, परत खाली जायचा. मी डोंग्यात पालथी पडून त्याचे केस धरले. मी त्याच्या तोंडावर तोंड नेऊन ओरडले, "तोंड उघडा." त्याचे डोळे मोठे झाले होते. त्याला उघडायचं होतं, आता पहिल्यांदाच उघडायचं होतं, आणि ते उघडत नव्हतं.

डोंग्यात वेली कापायचा विळा होता. मी तो घेतला आणि त्याच्या ओठाजवळची दोरी कापायला गेले. आणि त्या माणसानं, एका हातानं डोंगा धरलेला, नाकात पाणी गेलेलं, त्या माणसानं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. जाळं बापाचं होतं. ते फाडू द्यायचं नव्हतं. मला जितका राग त्या दिवशी आला तितका जन्मात कधी आला नाही. मी हिसका दिला, सुटेना. मी विळ्याच्या मुठीनं त्याच्या खांद्यावर मारलं, सुटेना. मग मी वाकले आणि त्याच्या मनगटाला चावले. उगीच नाही, जीव लावून चावले, हाडापर्यंत. तोंडात रक्ताची चव आली तेव्हा त्याची बोटं उघडली. मी दोरी कापली, जाळं हातभर फाटलं, आणि बाकीचं सगळं शिंगाड्याखाली निघून गेलं.

त्याला डोंग्यात घ्यायची ताकद माझ्यात नव्हती. मी त्याचा पंचा डोंग्याच्या टोकाला बांधला, त्याच्या काखेतून घातला आणि वल्हवत काठावर आणला. दीर पाण्यात धावत आला. आम्ही त्याला मोटारसायकलवर मधे बसवलं, मी मागून मिठी मारून धरलं. वाटेभर त्याचा श्वास घशात घरघरत होता. मी त्याच्या पाठीवर कान ठेवून ती घरघर ऐकत होते. ती थांबू नये एवढंच मला पाहिजे होतं. देवाला मी काही मागितलं नाही, नारळाची आठवण अजून ताजी होती.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाताची डॉक्टर एक तरुण बाई होती. तिनं मानेला हात लावला, बोटानं जीभ पाहायचा प्रयत्न केला आणि लगेच दोघा-तिघांना हाका मारल्या. मला म्हणाली, "किती दिवसांपासून?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं, थंड पाण्यापासून मिठाच्या शेकापर्यंत. ती माझ्यावर चिडली. चिडली म्हणजे चांगलीच. म्हणाली, "दाढ दुखली आणि एक-दोन दिवसांत थांबली नाही, तर यायचं. थंड-गरम लागून ठणका टिकून राहिला, तर यायचं. सूज आली तर वाट पाहायची नाही. आणि तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, सूज मानेत उतरली, श्वास लागतो, यातलं एक जरी झालं तरी त्याच घडीला यायचं, हातातलं काम टाकून. तुम्ही तर सगळंच एकदम घेऊन आलात." मी मान खाली घालून ऐकलं. माझ्यावर कोणी ओरडलं तर मी उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी दिलं नाही, कारण बाई माझंच बोलणं बोलत होती.

सूज घशाकडे सरकली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर श्वासाची वाट बंद झाली असती, असं ती म्हणाली. त्याला आत नेलं. हनुवटीखाली कापून पू काढला. दार उघडलं तेव्हा वास बाहेर आला. सडलेली मासोळी मी रोज हाताळते, पण त्या वासानं मी भिंतीशी जाऊन ओकले. दाढ दोन तुकड्यांत निघाली. एका स्टीलच्या ताटलीत तिनं मला ती दाखवली, आणि बाजूला ती शिशाची गोळी. सगळ्या घराचा जीव या दोन वस्तूंवर टांगलेला होता, आणि दोन्ही मिळून चिंचोक्याएवढ्या.

शुद्धीवर आल्यावर त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं हातानं विचारलं, फेकायची खूण करून, की जाळं कुठं आहे. मी सांगितलं, "फाडलं. बुडलं. आणि परत असं झालं त परत फाडीन." त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता हा माझ्याशी बोलणार नाही. दिरानं दुसऱ्या दिवशी गळ टाकून टाकून जाळं शिंगाड्याखालून काढलं, म्हणजे जे काही उरलं होतं ते.

घरी आल्यावर तो बरेच दिवस काठावर बसला. झिंगे निवडायला मात्र बसला नाही, जाळं विणायला बसला. मानेवर पट्टी, मनगटावर माझ्या दातांची खूण. फाटलेला भाग त्यानं नव्या दोऱ्यानं भरला, तो वेगळ्या रंगाचा दिसतो. मग उन्हाळ्यात, तलावात गुडघाभर पाणी होतं तेव्हा, तो चिमूट डावीकडच्या दाढेत धरून फेकायला लागला. जाळं दर वेळी गोळा होऊन पडायचं. लोक हसायचे. म्हातारे म्हणायचे, अबे, आपल्याकडे उजवीकडनं फेकतेत. तो जाळं ओढून परत फेकायचा. पाऊस लागायच्या आत ते गोल पडायला लागलं. खर्रा त्यानं सोडला का, तर हो, बऱ्यापैकी सोडला. बऱ्यापैकी या शब्दावर आमची अजून भांडणं होतात.

मनगटावरची खूण मात्र गेली नाही. मानेवरचे टाके भरून आले, रेघ राहिली तीही फिकी झाली. चावा तसाच आहे, वरचे दात वेगळे दिसतात, खालचे वेगळे. बाजारात बाया विचारतात तेव्हा तो म्हणतो, कुत्रं चावलं. मी ऐकत असले तरी म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही जेवत बसलो होतो. मासोळीचं कालवण आणि भात. त्यानं मधेच घास ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "काय झालं जी, मीठ जास्त झालं का?"

तो म्हणाला, "तू डावीकडे चावून राहिली."

मला स्वतःला ते माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि उजवीकडे कुठंतरी सणक गेली, बारीकशी. मी म्हटलं, "काई नाई, झिणझिण करते."

तो उठला. मोबाईलची बत्ती लावली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "तोंड उघड."

मी म्हटलं, "जेवण झाल्यावर पाहा ना. कायले उगाच."

त्यानं शर्टाची बाही वर केली आणि ते मनगट माझ्या नाकासमोर धरलं. खालच्या दातांच्या खुणेवर बोट ठेवलं, एकेक मोजत उजवीकडच्या शेवटच्या खड्ड्यापाशी आला, आणि म्हणाला, "हाच हाय. ह्या दातानं मले पाण्यातून काढलं. तुह्या तोंडात असला तरी तो माहा दात हाय. उघड."

मला रडू आलं आणि रागही आला, की ही गोष्ट इतकी वर्षं कुत्र्याच्या नावावर खपवली. मी तोंड उघडलं. तो बत्ती धरून बराच वेळ आत पाहत राहिला. मग त्यानं ताट बाजूला सरकवलं, हात धुतले आणि भावाला हाक मारून सांगितलं की उद्या सकाळी मोटारसायकल पाहिजे, जाळं टाकायला येणार नाही, भंडाऱ्याला जायचं आहे.